झाकलेली गाठ

लोणी काळभोरच्या शाखेत असताना आमचा शिपाई खोकला आला की उजवा हात जांघेवर दाबून धरायचा. त्याचा अर्थ मला कळला तो पुढे माझ्याच जांघेत गाठ आली तेव्हा. अंतर्गळ, म्हणजे हर्निया. आडवे झाले की ती आत जायची, म्हणून तीन वर्षे बायकोपासूनही लपवली. पुरुषाची लाज, दुसरे काय!

एका रात्री ती आत जाईना. गाठ दगडासारखी टणक, पोटात कळा, मग उलट्या. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की काही तासांत ते सडू लागते. पहाटे हडपसर ओलांडून पुण्यात पोचलो.

सर्जननी दुर्बिणीतून करायचे ठरवले. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले, त्याच वाटेवरचे हे पुढचे पाऊल. बेंबीपाशी कॅमेरा, बाजूला दोन बारीक छिद्रे. भूल दिल्यावर कधी आतडे आपसूक आत निसटते. मग जांघ उघडूनही ते नीट तपासता येत नाही. कॅमेऱ्याला मात्र दिसते. माझे काळवंडलेले आतडे आत ओढून ते थांबले. रंग परतला, तेव्हाच जाळी बसवली. आतडे सडलेले असते, पोट फार फुगले असते किंवा हृदय पूर्ण भूल सोसणारे नसते, तर उघडी शस्त्रक्रियाच बरी.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. आता निवृत्त झालेल्या त्या शिपायाला लोणीला निरोप धाडला. उत्तर आले, "सायेब, माझी जाती की अजून आत."