दूरस्थ काम

दूरस्थ काम म्हणजे नियोक्त्याच्या कार्यालयात उपस्थित न राहता, संगणक व दूरसंचार साधनांच्या साह्याने घरून अथवा अन्य ठिकाणाहून केलेले वेतनी काम होय. मराठीत यासाठी 'घरून काम' हा शब्दप्रयोग रूढ आहे. बोलण्यात मात्र 'वर्क फ्रॉम होम' हेच नाव अधिक ऐकू येते. इ.स. १९७० च्या दशकात प्रवास व इंधन वाचविण्याचा उपाय म्हणून ही कल्पना पुढे आली. २०२० साली कोविड-१९ च्या साथीमुळे ती जगभर एकाएकी व्यवहारात आली.

कार्यालय हे केवळ कामाचे ठिकाण नसते. जागा, वीज, वेळेची चौकट, देखरेख, गोपनीयता आणि नवख्यांचे शिक्षण या गोष्टी ते कोणताही करार न करता पुरवीत असते. काम घरी गेले की यांतील प्रत्येक गोष्टीची जबाबदारी कोणावर, हे वेगळे ठरवावे लागते. दूरस्थ कामाविषयीच्या धोरणांचा आणि त्यांवरील वादांचा गाभा हाच आहे.

संज्ञा व प्रकार

दूरस्थ कामाचे स्थूलमानाने तीन प्रकार मानले जातात. पूर्ण दूरस्थ पद्धतीत कर्मचाऱ्यास कार्यालयात यावे लागत नाही. काही संस्थांना तर कार्यालयच नसते. मिश्र किंवा हायब्रिड पद्धतीत आठवड्यातील काही दिवस घरून व उरलेले दिवस कार्यालयातून काम केले जाते. तिसऱ्या प्रकारात आजारपण, बाळंतपण, पूर किंवा साथ अशा कारणांपुरती तात्पुरती सवलत मिळते.

घरी बसून केलेले प्रत्येक काम या संज्ञेत येत नाही. विडी वळणे, शिवणकाम, पापड लाटणे यांसारख्या कामांना 'गृहाधारित काम' म्हणतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये अशा कामगारांसाठी गृहकार्यविषयक करार क्रमांक १७७ स्वीकारला. इतर वेतनी कामगारांच्या बरोबरीची वागणूक त्यांना मिळावी, हे त्याचे मुख्य तत्त्व आहे. भारताने या कराराला अनुसमर्थन दिलेले नाही.

इतिहास

१९७३ च्या तेलसंकटाच्या सुमारास अमेरिकेतील जॅक निलेस यांनी 'टेलिकम्युटिंग' हा शब्द रूढ केला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना त्यांनी लॉस एंजेलिसमधील एका विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. त्यात कर्मचारी घरून नव्हे, तर घराजवळच्या छोट्या उपकार्यालयांतून काम करीत. माणसाने कामाकडे जाण्याऐवजी काम माणसाकडे न्यावे, हा त्यामागील विचार होता. त्यावरील पुस्तक १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले.

आयबीएम कंपनीने १९७९ मध्ये पाच कर्मचाऱ्यांच्या घरी संगणकाची टर्मिनल बसवून प्रयोग सुरू केला. १९८३ पर्यंत ही संख्या सुमारे २,००० वर गेली. अमेरिकेच्या केंद्र सरकारी कार्यालयांसाठी २०१० मध्ये दूरस्थ कामाचा स्वतंत्र कायदा झाला. तथापि हा प्रवास एकाच दिशेने झाला नाही. २०१३ मध्ये याहूने घरून काम करण्याची मुभा काढून घेतली. २०१७ मध्ये खुद्द आयबीएमने आपल्या हजारो कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत बोलाविले.

भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि माहिती तंत्रज्ञान, बँकिंग, विमा, शिक्षण या क्षेत्रांतील कामकाज काही दिवसांत घरी हलले. अनेक संस्थांपाशी यासाठी कोणतेही लेखी धोरण नव्हते. जे नियम आधी ठरायला हवे होते, ते काम सुरू झाल्यानंतर एकेका अडचणीच्या निमित्ताने बनत गेले.

उत्पादकतेविषयीचे अभ्यास

घरून काम केल्याने उत्पादकता वाढते की घटते, यावर एकच उत्तर मिळालेले नाही. या बाबतीत दोन प्रयोगांची तुलना उद्बोधक ठरते.

पहिला प्रयोग अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०-११ मध्ये शांघाय येथे, सी-ट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये केला. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. कमी सुट्ट्या व कमी विश्रांती यांमुळे कामाची मिनिटे वाढणे, हे या वाढीचे मोठे कारण होते. मात्र या कर्मचाऱ्यांनी स्वेच्छेने नावे दिली होती. शिवाय घरी कामासाठी स्वतंत्र खोली, चांगली इंटरनेट जोडणी आणि किमान सहा महिन्यांचा अनुभव असलेल्यांनाच निवडण्यात आले होते. प्रयोग संपल्यावर त्यांपैकी सुमारे निम्म्यांनी कार्यालयात परतणे पसंत केले; एकाकीपणा हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

दुसरा प्रयोग डेव्हिड ॲटकिन, ॲन्टोनेट शोअर व सुमित शिंदे यांनी चेन्नई येथे डेटा एंट्रीचे काम करणाऱ्यांवर केला. घरी किंवा कार्यालयात काम करण्याची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक होती. येथे घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी आढळली. या फरकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पहिल्याच दिवसापासून दिसला. उरलेला भाग कार्यालयातील लोक अधिक वेगाने शिकत गेल्यामुळे पडला. विशेष म्हणजे ज्यांना घरून काम करणे अधिक पसंत होते, त्यांच्याच कामाचे घरी अधिक नुकसान होत होते. घरातील इतर जबाबदाऱ्यांमुळे ज्यांना बाहेर पडणे अवघड असते, त्यांना त्याच जबाबदाऱ्या घरी कामही करू देत नाहीत, असा याचा एक अर्थ लावता येतो.

मिश्र पद्धतीविषयी २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,६१२ कर्मचाऱ्यांचा समावेश होता. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या मूल्यमापनात किंवा बढतीत फरक पडला नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटले.

धोरणातील प्रमुख बाबी

पात्रता: कोणती कामे दूरस्थ होऊ शकतात, हे पदनामावरून नव्हे तर कामाच्या स्वरूपावरून ठरवावे लागते. जोनाथन डिंगेल व ब्रेंट नीमन यांच्या २०२० मधील अभ्यासानुसार अमेरिकेतील सुमारे ३७ टक्के नोकऱ्या पूर्णपणे घरून करता येण्याजोग्या होत्या. एकाच संस्थेत यंत्रावर काम करणारा कामगार, सुरक्षारक्षक व सफाई कामगार यांना ही मुभा मिळत नाही आणि लेखा विभागाला मिळते. त्यामुळे उद्भवणाऱ्या असंतोषाचा विचार धोरणकर्त्यांना करावा लागतो.

कामाचे तास: घरी कामाचा दिवस संपल्याची खूण उरत नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काविषयी कर्मचारी प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. पोर्तुगालने २०२१ मध्ये, अत्यंत निकडीचा प्रसंग वगळता, कर्मचाऱ्याच्या विश्रांतीच्या वेळेत संपर्क न करण्याचे बंधन नियोक्त्यावर घातले. ऑस्ट्रेलियात असा हक्क ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला.

खर्च: वीज, इंटरनेट, खुर्ची-टेबल आणि घरातील जागा यांचा भार कोणी सोसावा, हा कळीचा प्रश्न आहे. पोर्तुगालच्या वरील कायद्याने वाढीव वीज व इंटरनेटचा खर्च नियोक्त्यावर टाकला. जेथे असा नियम नाही, तेथे कार्यालयाच्या भाड्यात झालेली बचत कंपनीकडे राहते व घरचा वाढीव खर्च कर्मचाऱ्याच्या वेतनातून जातो.

अपघात व आरोग्य: घर हे कामाचे ठिकाण मानले, तर तेथील अपघाताचे दायित्वही ठरवावे लागते. जर्मनीच्या केंद्रीय सामाजिक न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये यासंबंधी निकाल दिला. सकाळी शयनगृहातून खालच्या मजल्यावरील कामाच्या खोलीकडे जाताना जिन्यावरून पडलेल्या कर्मचाऱ्याचा अपघात न्यायालयाने कामाशी संबंधित मानला.

माहितीची सुरक्षा: घरातील सामायिक वाय-फाय, कुटुंबाने मिळून वापरलेला संगणक आणि बाजूला बसलेली माणसे यांमुळे ग्राहकांची गोपनीय माहिती उघड होण्याचा धोका वाढतो. यासाठी कंपनीचा स्वतंत्र लॅपटॉप, व्हीपीएन, दुहेरी पडताळणी व कागदपत्रे छापण्यावर निर्बंध असे उपाय योजले जातात.

देखरेख: कळफलकावरील हालचाली मोजणे, ठरावीक वेळाने पडद्याची छायाचित्रे घेणे, कॅमेरा सतत सुरू ठेवण्यास सांगणे असे प्रकार साथीच्या काळात वाढले. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील एका न्यायालयाने, दिवसभर कॅमेरा सुरू ठेवण्यास नकार दिला म्हणून कर्मचाऱ्यास काढून टाकणे बेकायदेशीर ठरविले. अशी देखरेख खासगी जीवनाच्या हक्काचा भंग करते, असे न्यायालयाने म्हटले. पडद्यासमोर किती वेळ गेला यापेक्षा कोणते काम पूर्ण झाले, याचे मोजमाप करणारी धोरणे या पेचातून वाट काढण्याचा प्रयत्न करतात.

व्यवसायांपुढील आव्हाने

मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या संपर्कनोंदींवरील २०२१ च्या अभ्यासात असे आढळले, की सर्वजण घरून काम करू लागल्यावर आपापल्या गटातील संपर्क टिकला, परंतु वेगवेगळ्या विभागांतील संपर्क क्षीण झाला. परिणामी नवी माहिती एका गटाकडून दुसऱ्याकडे जाणे मंदावते.

नवख्या कर्मचाऱ्यांची अडचण अधिक गंभीर असते. अनुभवी सहकाऱ्याच्या शेजारी बसून, त्याचे काम पाहून आणि सहज शंका विचारून जे शिकता येते, ते दूरस्थ पद्धतीत आपोआप घडत नाही. शंका विचारण्यासाठी फोन किंवा बैठक ठरवावी लागते, आणि छोटी शंका त्या संकोचात राहून जाते. याला उत्तर म्हणून मार्गदर्शक नेमणे, पहिले काही महिने कार्यालयात काढणे आणि कामाच्या रीती लिहून ठेवणे हे उपाय केले जातात. पूर्णतः दूरस्थ चालणाऱ्या गिटलॅब या कंपनीने आपली कार्यपद्धती सांगणारी विस्तृत पुस्तिका सर्वांसाठी खुली ठेवली आहे.

बढतीतील अन्याय हे आणखी एक आव्हान होय. शांघायच्या प्रयोगात समान कामगिरी असूनही घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याचे प्रमाण कमी होते. डोळ्यांसमोर असलेला कर्मचारी वरिष्ठांच्या लक्षात राहतो. घरची जबाबदारी प्रामुख्याने स्त्रियांवर असलेल्या समाजात घरून कामाची मुभा अधिक प्रमाणात स्त्रिया घेतात. तेथे ही सवलतच त्यांच्या प्रगतीच्या आड येण्याची शक्यता असते.

कर्मचारी दुसऱ्या देशातून काम करू लागल्यास त्याचा प्राप्तिकर, सामाजिक सुरक्षेची वर्गणी व व्हिसा यांचे प्रश्न उभे राहतात. काही परिस्थितीत कंपनीचे त्या देशात 'कायम आस्थापन' आहे असे मानले जाऊन तिच्यावरही कर लागू होऊ शकतो.

भारतातील कायदेशीर चौकट

भारतात खासगी क्षेत्रातील दूरस्थ कामासाठी स्वतंत्र सर्वसमावेशक कायदा नाही. निरनिराळ्या कायद्यांतील तरतुदी एकत्र वाचाव्या लागतात.

• प्रसूतिलाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने, कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास प्रसूती रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम देण्याची तरतूद केली. संमतीची अट असल्याने हा मागता येण्याजोगा हक्क ठरत नाही.
• कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत निवासस्थानाचाही समावेश आहे.
• दूरसंचार विभागाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी कॉल सेंटर व बीपीओ क्षेत्रासाठीचे जाचक नियम शिथिल करून घरून काम करण्यातील अडथळे दूर केले.
• विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी जुलै २०२२ मध्ये नियम ४३ अ आला. त्यानुसार आरंभी जास्तीत जास्त ५० टक्के कर्मचाऱ्यांना एक वर्षापर्यंत मुभा होती. डिसेंबर २०२२ मध्ये ही मर्यादा सैल करण्यात आली.
• बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. २०२५ मध्ये ते पुन्हा मांडण्यात आले. त्याचे कायद्यात रूपांतर झालेले नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातील हिंजवडी व खराडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्योग एकवटलेला आहे. टाळेबंदीच्या काळात तेथील अनेक कर्मचारी आपापल्या गावी परतले व तेथूनच काम करू लागले. घरभाडे व प्रवासाचा वेळ वाचला. दुसरीकडे खंडित वीजपुरवठा व अपुरी इंटरनेट जोडणी यांना तोंड द्यावे लागले. मुंबईतील एक-दोन खोल्यांच्या घरांत एकाच वेळी कार्यालय व मुलांची ऑनलाइन शाळा भरू लागली. उद्योगनगरीतील खाणावळी, चहाच्या टपऱ्या, रिक्षा व भाड्याच्या खोल्या यांवर उपजीविका असणाऱ्यांचे उत्पन्न बुडाले.

मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केले होते, की २०२५ पर्यंत केवळ २५ टक्के कर्मचाऱ्यांनी कार्यालयात असणे पुरेसे ठरेल. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२३ पासून कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले. ज्यांनी दरम्यान गावी घर केले किंवा शहरातील घर सोडले, अशा कर्मचाऱ्यांसाठी धोरणातील असा बदल हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

घर हेच कामाचे ठिकाण असण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. सोलापूर व सिन्नर परिसरातील विडी कामगार स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या तेंदूपत्ता व तंबाखू घरी नेऊन विड्या वळत आल्या आहेत. मजुरी हजार विड्यांमागे ठरते. विडी व सिगार कामगारांच्या १९६६ च्या कायद्याने, मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेल्या कच्च्या मालापासून घरी विड्या वळणाऱ्यासही 'कर्मचारी' मानले. काम घरी होते एवढ्याच कारणाने मालकाची जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व त्यायोगे भारतीय कायद्यात संगणकयुगाच्या कितीतरी आधी आले होते. संगणकावर घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत खर्च, तास व अपघात यांविषयी तितकी स्पष्ट तरतूद अद्याप झालेली नाही. तोवर हे प्रश्न नियुक्तिपत्रातील अटी आणि कंपनीचे धोरण यांवरच अवलंबून राहतात.

हे सुद्धा पहा

• आंतरराष्ट्रीय श्रम संघटना
• विशेष आर्थिक क्षेत्र
• हिंजवडी
• विडी उद्योग