बुलढाण्याच्या वर्षाचा शब्द
(लेखमाला ‘कोशाच्या आतबाहेर’ : लेखांक 11)

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधोमध पाण्याची घागर, तिच्यावर पापड-कुरडई, भोवती धान्याचे दाणे. रात्री तिथे कुणी थांबत नाही. पहाटे वाघ घराण्यातले महाराज कोणता दाणा कुठे सरकला ते पाहतात आणि येत्या वर्षाचं पाऊसपाणी, पीकपाणी, राजकारण सगळं सांगून टाकतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी हरकत घेतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात भाकीत तरीही छापून येतं. जगातले कोशकार याच्या उलट्या दिशेने जातात. वर्ष संपत आलं की ते मागे पाहतात आणि ‘वर्षाचा शब्द’ जाहीर करतात. वर्ष कसं गेलं हे त्यांना ठाऊक असतं, म्हणजे काम सोपं असायला हवं. पण दाणा सरकला की नाही हे पाहायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

पहिली तऱ्हा जर्मनांची. तिथल्या जर्मन भाषा संस्थेने 1971 साली ‘आउफम्युफिश’ हा शब्द निवडला. कुणाला न जुमानणारा, उलट बोलणारा, असा त्याचा अर्थ. 1977 पासून ही निवड दरवर्षी होते. मंडळ बसतं, माध्यमांतले आणि वाचकांनी सुचवलेले शब्द चाळतं आणि चर्चेने निर्णय घेतं. शब्द किती वेळा वापरला गेला याला तिथे फारसं महत्त्व नाही, त्या वर्षाचा सार्वजनिक वाद त्यात उमटला का हे पाहतात. 1991 पासून तिकडे ‘वर्षाचा नकोसा शब्द’ही निवडला जातो. माणसाची अवहेलना करणारा किंवा खरं ते झाकणारा शब्द त्यासाठी शोधतात. आपल्याकडे या दुसऱ्या स्पर्धेला गर्दी जास्त होईल, अशी माझी खात्री आहे.

इंग्रजीत हा प्रघात 1990 साली अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने पाडला. जानेवारीतल्या वार्षिक संमेलनात भाषेचे अभ्यासक जमतात, वाद घालतात आणि मतदान करतात. जपानमध्ये 1995 पासून लोकांच्या मतांवर एकच चित्राक्षर ठरतं. पहिल्या वर्षी ‘कंप’ या अर्थाचं अक्षर आलं, कारण त्या जानेवारीत कोबेला भूकंप झाला होता. डिसेंबरात क्योतोच्या कियोमिझु मंदिरातले मुख्य धर्मगुरू भल्यामोठ्या कुंचल्याने ते अक्षर कागदावर काढतात आणि देशभर ते टीव्हीवर दिसतं.

मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशाची रीत मला सगळ्यात चतुर वाटते. आपल्या संकेतस्थळावर लोक कोणता शब्द शोधतात याची ते नोंद ठेवतात आणि 2003 पासून त्यातून शब्द निवडतात. नुसती बेरीज केली तर दरवर्षी तेच ते अवघड शब्द वर येतील. म्हणून गेल्या वर्षीच्या मानाने कोणाच्या शोधात मोठी उडी आली ते बघतात. 2020 साली ‘पॅन्डेमिक’ आला तो असा. या रीतीत एक मेख आहे. ज्याचा अर्थ पक्का ठाऊक असतो, तो शब्द कोशात कुणी शोधत नाही. चुलीपाशी, पारावर, एसटीत जो शब्द दिवसभर फिरतो, तो या मोजणीला दिसतच नाही. दिसतो तो टीव्हीवर ऐकलेला आणि न कळलेला.

ऑक्सफर्डवाले वापर मोजतात. बातम्या, लेख, वेबवरचं लिखाण यांचा अब्जावधी शब्दांचा साठा त्यांच्यापाशी आहे आणि त्यात सतत भर पडते. 2020 च्या एप्रिलपर्यंत ‘कोरोनाव्हायरस’ने ‘टाइम’सारख्या रोजच्या नामालाही मागे टाकलं होतं. तरी त्या वर्षी त्यांनी एक शब्द निवडलाच नाही. एका शब्दात हे वर्ष मावत नाही म्हणाले आणि अहवाल काढून मोकळे झाले. 2022 साली तीन शब्द लोकांपुढे ठेवून मतदान घेतलं, तर तीन लाखांहून जास्त मतं पडली आणि ‘गॉब्लिन मोड’ 93 टक्क्यांनी निवडून आला. लाजलज्जा सोडून घरात लोळत पडण्याला तो शब्द आहे. लोकशाहीचं म्हणाल तर ती अशी खोडकरही असते.

हिंदीसाठीही ऑक्सफर्डने काही वर्षं हा खेळ केला. 2017 चा शब्द होता ‘आधार’, नंतर ‘नारी शक्ति’, ‘संविधान’ आणि 2020 साली ‘आत्मनिर्भरता’. मराठीत असा सर्वमान्य प्रघात नाही. हौशी मंडळी यादी करतात, वर्तमानपत्रं डिसेंबरात आढावा घेतात, त्यापुढे गाडी जात नाही. आणि जायची म्हटली, तर पहिला अडथळा आपल्या व्याकरणाचाच येतो.

समजा, वर्षभराच्या मराठी मजकुरात ‘पाऊस’ किती वेळा आला हे संगणकाला मोजायला सांगितलं. तो ‘पाऊस’ मोजेल आणि पावसाने, पावसात, पावसाळी, पावसामुळे हे सगळे सोडून देईल. ‘पूर’ दीर्घ, पण ‘पुरात’ ऱ्हस्व. इंग्रजी नामाला एक ‘एस’ लागला की काम भागतं. आपलं नाम विभक्ती लागताच आतून बदलतं, वर शब्दयोगी अव्यय चिकटतं. ‘लॉकडाऊन’ की ‘लॉकडाउन’, इथपासून लेखनाचे घोळ वेगळेच. प्रत्येक रूप मूळ शब्दाकडे परत नेणारं साधन आधी हवं आणि ते चुकलं तर अख्खा शब्द यादीतून गळतो.

दुसरा अडथळा अर्थाचा. बुलढाणा जिल्ह्याचा 2023 चा शब्द कोणता, असं विचारलं तर इथला माणूस ‘समृद्धी’ म्हणेल. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला आणि तो मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या तालुक्यांतून जातो. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून 25 जण गेले. त्यानंतर ‘समृद्धीनं चाललो’ असं कुणी म्हटलं की घरच्यांचा जीव टांगणीला लागायचा. कोशातला ‘समृद्धी’ म्हणजे भरभराट. मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही समृद्धी सारख्याच. ‘आधार’चीही हीच गत होती, पण निवड माणसांनी केली म्हणून शब्दाच्या या नव्या अंगाची दखल घेतली गेली.

तिसरा अडथळा मला सर्वांत मोठा वाटतो, तो छापील आणि बोली यांच्यातला. 2024 च्या डिसेंबरअखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून तक्रारी येऊ लागल्या. डोकं खाजतं, दोन-तीन दिवसांत केस हातात येतात आणि आठवड्यात टक्कल. 18 गावांतल्या सुमारे 280 लोकांना हा त्रास झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पथकं आली, पाणी तपासलं, त्वचेचे नमुने नेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे आणि गव्हाचे नमुने तपासून रेशनवर आलेल्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. छापील मराठीत त्या काळात ‘सेलेनियम’ची उडी दणदणीत असणार, मेरियम-वेबस्टरच्या रीतीने तोच जिंकला असता. गावात बोलणं चाललं ते ‘कंट्रोलच्या गव्हा’चं. वऱ्हाडात रेशन दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणतात, धान्यावरच्या सरकारी नियंत्रणाच्या काळातला तो शब्द अजून टिकून आहे. हा ‘कंट्रोल’ कुठल्याही मोजणीत वर येणार नाही, कारण तो लिहिला जातच नाही.

आणि माध्यमांनी दिलेलं नाव होतं ‘टक्कल व्हायरस’. विषाणूचा पत्ता नव्हता, पण नाव राज्यभर गेलं. व्हायरस म्हटला की लागण आली आणि लागण आली की माणसं लांब बसू लागतात. आधीच केस गेलेल्या लेकीबाळींच्या गावांवर हा शिक्का बसला. जर्मनांच्या त्या ‘नकोशा शब्दा’साठी 2025 सालचं माझं मत याच नावाला.

मग खरा मान कुणाला? टक्कल जानेवारीत गाजलं आणि इथे तारखेचा घोटाळा आडवा येतो. कॉलिन्स कोशाची घोषणा नोव्हेंबरात होते, ऑक्सफर्डचीही त्याच सुमाराची असते. शब्दकोश खपायचे दिवस तेच, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे डिसेंबरातला शब्द मोजायचाच राहतो आणि जानेवारीतला लोक विसरलेले असतात. बुलढाण्याचं वर्ष तर जूनमध्येच पालटलं. मेहकर, लोणार भागात अतिवृष्टीने जमिनी खरडून गेल्या. ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन पाण्यात उभं राहिलं आणि जो तो म्हणू लागला, ‘ओला दुष्काळ जाहीर करा’.

त्यावर मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, की सरकारी नियमावलीत ‘ओला दुष्काळ’ अशी संज्ञाच नाही. दुष्काळात मिळतात त्या सवलती मात्र देऊ. 7 ऑक्टोबरला 31 हजार 628 कोटींचं पॅकेज आलं. म्हणजे शासनाने पैसे मोजले आणि शब्द नाकारला. एखाद्या शब्दावरून शेतकरी, विरोधी पक्ष, कृषी सहायक, तलाठी आणि मंत्रिमंडळ असे सगळे एकाच वेळी भांडतायत, असं मराठीत क्वचित घडतं. शब्द जुना आहे, पूर्वीच्या अतिवृष्टीतही तो निघाला होता. पण उडी बघायची तर ती 2025 ची. दोन शब्दांना एक कसं धरायचं, ही हरकतही टिकत नाही. ऑक्सफर्डने 2024 ला ‘ब्रेन रॉट’ आणि 2025 ला ‘रेज बेट’ निवडला, दोन्ही जोडशब्दच. माझ्यापुरता बुलढाण्याचा 2025 चा शब्द ‘ओला दुष्काळ’.

नांदुरा-मलकापूरकडच्या, घाटाखालच्या वाचकांचा कौल वेगळा असेल, तो जरूर कळवावा. नुसता शब्द नको. कुठल्या गावात, कुणाच्या तोंडून, कशाबद्दल बोलताना ऐकला तेही लिहावं. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त वऱ्हाडी शब्दापुढे ‘व.’ अशी खूण सापडते, ती अशाच कुणीतरी ऐकून टिपून ठेवल्यामुळे. पुढच्या आठवड्यात ‘कंट्रोल’सारखे, मूळ कारण संपलं तरी बोलीत टिकलेले सरकारी शब्द पाहू.