बी. प्रभा आणि बी. विठ्ठल: एका घरातले दोन कलावंत

बी. प्रभा मूळच्या नागपूरजवळच्या बेला गावच्या. नागपुरात चित्रकलेचे धडे गिरवून त्यांनी मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट गाठलं. १९५६ साली चित्रकार-शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी लग्न झालं, आणि त्याच वर्षी दोघांचं एकत्र प्रदर्शनही!

त्यातली प्रभाताईंची तीन चित्रं अणुशास्त्रज्ञ होमी भाभांनी विकत घेतली. नवख्या चित्रकर्तीला याहून मोठी पावती कोणती?

कोरियात पार्क रे-ह्यून आणि किम की-चांग या दांपत्यानंही अशीच जोडीनं प्रदर्शनं भरवली. पार्क पुढे अमूर्ताकडे गेल्या. प्रभाताईंचा प्रवास नेमका उलटा: अमूर्तापासून माणसांकडे. त्यांच्या कोळिणी निरखून पाहा. लांबसडक मान, सडपातळ हात, टोपलीत मासळी, मागे जवळपास एकाच रंगाचा सपाट पट. एअर इंडियानंही त्यांची चित्रं आवर्जून संग्रही ठेवली.