अर्धापूरच्या केळ्यांशेजारी कोथिंबीर का ठेवू नये?

पहाटे काढलेली कोथिंबिरीची जुडी सकाळी लातूरच्या बाजारात हिरवीगार दिसते. दुपारी ती मान टाकते आणि दुसऱ्या दिवशी खालची पाने पिवळी पडू लागतात. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा तर हे आणखी लवकर होते. चव फारशी बदललेली नसते. पण पिवळी जुडी ग्राहक हातात घेत नाही आणि नुकसान शेतकऱ्याच्या पदरी पडते.

पान पिवळे पडते म्हणजे त्यात नवा रंग तयार होतो, असे वाटते. प्रत्यक्षात कॅरोटिनॉइड नावाची पिवळी रंगद्रव्ये पानात आधीपासूनच असतात. हरितद्रव्याच्या गडद हिरव्या रंगाखाली ती झाकलेली असतात इतकेच. हरितद्रव्य मोडले, की ती उघडी पडतात.

ते मोडते कशामुळे? जुडी काढली तरी पान जिवंतच असते. त्याचा श्वासोच्छ्वास सुरू राहतो, पण मुळांकडून येणारे पाणी थांबलेले असते. साठवलेली साखर संपत आली, की पान म्हातारे होऊ लागते. आधी हरितद्रव्याच्या मध्यभागी असलेला मॅग्नेशियमचा अणू निघतो, मग उरलेला सांगाडा तुटून रंगहीन होतो. तापमान १० अंशांनी वाढले, की श्वासोच्छ्वास साधारण दोन ते तीन पट होतो. म्हणून उन्हात उभ्या असलेल्या टेम्पोतले दोन तासही महागात पडतात.

यात भर घालतो इथिलीन हा वायू. पिकणारी केळी तो सोडतात. नांदेड जिल्ह्यातले अर्धापूर केळीसाठी ओळखले जाते. तिथली हिरवी केळी रायपनिंग चेंबरमध्ये पिवळी करायलाही हाच वायू वापरतात. केळीला जो वायू भाव मिळवून देतो, तोच कोथिंबीर, मेथी, पालकाचा भाव घालवतो. एकाच टेम्पोत किंवा घरात एकाच टोपलीत पिकती केळी आणि पालेभाजी ठेवली, तर पाने लवकर पिवळी पडतात.

गंमत म्हणजे उष्णतेचा परिणाम केळीवर उलटा होतो. ग्रँड नैनसारखी केळी ३० अंशांपेक्षा जास्त तापमानात पिकली, तर आतला गर मऊ होतो, पण साल हिरवटच राहते. सालीतले हरितद्रव्य मोडण्याची क्रिया त्या उष्णतेत नीट होत नाही. उन्हाळ्यात पिकलेले केळ कच्चे समजून बाजूला पडते, ते यामुळेच.

पालेभाजीवर ओले गोणपाट टाकण्याची जुनी पद्धत शास्त्राला धरून आहे. पाणी उडून जाताना गारवा देते. मात्र ओल्या जुड्या पोत्यात दाबून भरल्या, तर त्यांच्याच श्वासोच्छ्वासाची उष्णता आत कोंडते आणि मधल्या जुड्या आधी सडतात. घरी कोथिंबीर निवडून, पाणी निथळू देऊन, कोरड्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली, तर ती जास्त दिवस हिरवी राहते. केळ्यांची जागा मात्र फ्रीजबाहेरच. १३ अंशांखाली त्यांची साल काळी पडते.