राहुरीचा वाफा आणि लाइप्झिगचे प्राध्यापक

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात, किंवा कोणत्याही कृषी संशोधन केंद्रात, प्रयोगाच्या शेतावर दोरी लावून आखलेले आणि पाट्या रोवलेले लहान लहान वाफे आढळतात. त्या पाट्यांवरील वाणांचे क्रमांक परक्या माणसाला अस्ताव्यस्त वाटले, तरी त्या मांडणीमागे गणिताची कठोर शिस्त उभी असते. आणि त्या शिस्तीचा एक धागा मागे मागे उकलत गेल्यास तो जर्मनीतून हद्दपारीची वेळ आलेल्या एका विद्वानाच्या आयुष्यापर्यंत जाऊन पोचतो.

जमीन एकजिनसी नसते, हे नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. एकाच शेतात बांधालगत काळी, भारी माती आणि चार तासांपलीकडे मुरूम, हा त्याचा नित्याचा अनुभव. मग शाळूचे सात वाण पेरले आणि त्यांतला एक सरस ठरला, तर ते यश वाणाचे की मातीचे? इंग्लंडमधील रोथमस्टेडच्या शेतांवर काम केलेल्या रोनाल्ड फिशर यांनी या प्रश्नाचे शास्त्र उभारले आणि १९३५ साली ते ग्रंथरूपाने मांडले. सारख्या मातीचे गट पाडावेत आणि गटातील वाणांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, हे त्याचे सार. परंतु सारख्या मातीचा तुकडा तीनच वाफ्यांपुरता असेल, आणि वाण मात्र सात असतील, तर?

अशा वेळी सात गट करावेत: पहिल्यात १, २, ४ हे वाण, दुसऱ्यात २, ३, ५, मग (३, ४, ६), (४, ५, ७), (५, ६, १), (६, ७, २), आणि अखेरीस (७, १, ३). वाचकांनी कागदावर पडताळून पाहावे. प्रत्येक वाण तीनदा येतो, आणि कोणतेही दोन वाण घेतले तरी ते नेमके एकदाच एका गटात एकत्र येतात. कोणावर मेहेरनजर नाही, कोणाची उपेक्षा नाही. आता वाणाला ‘बिंदू’ आणि गटाला ‘रेषा’ म्हटले, की ‘दोन बिंदूंतून एकच रेषा जाते’ हे शाळेत शिकलेले गृहीतकच येथे सात बिंदू आणि सात रेषा यांच्या चिमुकल्या विश्वात अवतरते. या सांत, म्हणजे मोजक्याच बिंदूंच्या, भूमितीची दीक्षा भारतात देणाऱ्यांत फ्रीडरिक विल्हेल्म लेवी यांचे नाव अग्रभागी आहे.

लेवी यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८८८ रोजी, तेव्हा जर्मन साम्राज्यात असलेल्या आल्सास मुलुखातील म्युलहाउझेन येथे झाला. १९११ साली श्ट्रासबुर्ग विद्यापीठात हाइनरिक वेबर या थोर बीजगणितज्ञांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पहिल्या महायुद्धात ते जर्मनीच्या बाजूने लढले आणि ‘आयर्न क्रॉस’ या पदकाचे मानकरी झाले. आणि १९२० पासून लाइप्झिग विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. नाझी राजवटीने १९३३ साली ज्यूवंशीयांना सरकारी सेवेतून बडतर्फ करण्याचा कायदा केला, तेव्हा आघाडीवर लढलेल्यांना त्यातून सूट होती. १९३५ मध्ये ती सूटही संपली, आणि देशासाठी लढलेल्या या प्राध्यापकाला केवळ कुळाच्या नोंदीवरून अपात्र ठरविण्यात आले.

कलकत्ता विद्यापीठाने त्यांना गणित विभागाचे प्रमुखपद देऊ केले. तेथे आधुनिक बीजगणिताची जी ज्ञानगंगा त्यांनी वाहती केली, तिचा लाभ घेणाऱ्यांत संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील राज चंद्र बोस हे होते. बोस यांनी सांत भूमितीचे हे अमूर्त धन थेट शेताच्या प्रश्नाला जोडले, आणि १९३९ साली वरच्या सात गटांसारख्या ‘संतुलित अपूर्ण गटरचना’ कशा उभाराव्यात याची पद्धतशीर रीत सिद्ध केली. दुसरे महायुद्ध सुरू होताच नगरच्या छावणीत जर्मन नागरिकांना स्थानबद्ध केले जात होते. त्याच काळात, फेब्रुवारी १९४० मध्ये, हा जर्मन प्राध्यापक कलकत्त्यात सांत भूमितीवर सार्वजनिक व्याख्याने देत होता. ती व्याख्याने १९४२ साली ग्रंथरूपाने निघाली. एका बाजूला सात बिंदूंचे सात ठिपके, दुसऱ्या बाजूला सात रेषांचे सात ठिपके, आणि जो बिंदू ज्या रेषेवर, तिच्या ठिपक्याशी त्याला जोडणाऱ्या एकवीस रेघा, अशा आकृतीला आज जगभर ‘लेवी आलेख’ म्हणतात.

१९४८ साली लेवी मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. होमी भाभांनी उभारलेल्या त्या तरुण संस्थेत आपले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताच्या अध्यासनावर आधीच होते. १९५२ मध्ये लेवी जर्मनीत परतले, बर्लिनच्या मुक्त विद्यापीठात व पुढे फ्रायबुर्ग येथे त्यांनी अध्यापन केले, आणि १ जानेवारी १९६६ रोजी फ्रायबुर्ग येथेच त्यांचे देहावसान झाले.

त्यांनी लावलेल्या रोपाला मराठी मातीतही बहर आला. बोस यांचे शिष्य शरच्चंद्र शंकर श्रीखंडे हे नागपुरात शिकलेले. गुरूसह आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासह त्यांनी १९५९ साली, ऑयलरने १७८२ मध्ये वर्तविलेले आणि पावणेदोनशे वर्षे अबाधित राहिलेले वर्गरचनेविषयीचे अनुमान खोटे ठरविले. आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा वाहिली.

सात बिंदूंच्या त्या भूमितीत एकही बिंदू दुसऱ्याहून वरचढ नाही. प्रत्येकाची प्रत्येकाशी भेट ठरलेली, आणि ती सारख्याच हक्काची. जन्माच्या दाखल्यावरून माणसाची पारख करणाऱ्या राजवटीने ज्यांना दूर सारले, त्यांनी कलकत्त्यात हीच समदृष्टीची विद्या शिकवावी, याचे मला फार मोल वाटते. म्हणून शाळूची कणसे वाफ्यावाफ्यांनी खुडली जातात, निरनिराळी मळली जातात आणि त्यांचे वजन नोंदवहीत उतरते, तेव्हा त्या वहीत वाणाचे कूळ आधी लिहिले जात नाही. आधी लिहिला जातो तो त्याच्या वाट्याला आलेला वाफा, आणि मग त्याने दिलेले धान्य.