प्रसूतिविद्येतील विरळ संकटे : लेखांक ६ — उदरगर्भ आणि मागे राहणारी वार

गेल्या लेखांकात बीजवाहिनीतील गर्भाचा विचार आपण केला. गर्भाशयाबाहेर रुजणाऱ्या गर्भांपैकी शेकडा ९०हून अधिक तेथेच अडकतात; शेकडा सुमारे एक मात्र बीजवाहिनीतून निसटून, किंवा क्वचित प्रथमपासूनच, उदरपोकळीत उतरतो आणि आतडी, वपा किंवा गर्भाशयाची मागील बाजू यांपैकी जेथे रक्ताचा पुरवठा सापडेल तेथे ठाण मांडतो. प्रथमपासूनच उदरावरणावर रुजलेला गर्भ कोणता, हे ठरविण्याच्या कसोट्या स्टडिफर्ड यांनी १९४२ साली घालून दिल्या. परंतु हा प्रकार त्याहून कितीतरी जुना असून, इ. स. १०००च्या सुमारास कॉर्डोव्हाच्या परिसरात शस्त्रक्रिया करणाऱ्या अल्-जहरावी यांनी, नाभीपाशी पिकलेल्या गळवातून गर्भाची हाडे बाहेर पडलेल्या स्त्रीची हकिकत नोंदवून ठेवली आहे.

आश्चर्य वाटते ते याचे की, सोनोग्राफीच्या काळातही हे निदान कित्येकदा पोट उघडल्यावरच होते. दिवस भरत आलेल्या गर्भाने पडदा इतका व्यापून टाकलेला असतो की त्याच्या हृदयाचे ठोके आणि डोक्याचे माप यांची नोंद घेण्यात, त्याच्याभोवती गर्भाशयाची भिंत आहे किंवा नाही, हा मूळ प्रश्नच विचारावयाचा राहून जातो. मातेचे मूत्राशय व गर्भ यांच्यामध्ये स्नायूचा थर न दिसणे, रिकामे गर्भाशय वेगळे दिसणे, गर्भजल अत्यल्प असणे, ही त्याची चिन्हे. आणि बाळाने हालचाल केली की पोटात कळ येते, अशी स्त्रीची तक्रार असेल, बाळ आडवे असेल, किंवा कळा आणणारे औषध देऊनही गर्भाशय दाद देत नसेल, तर वैद्याने तपासणीस पुन्हा आरंभापासून लागावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. शंका बळावल्यास वार कोठकोठे चिकटली आहे याचा तपशील एमआरआय देते.

प्रारंभीच्या महिन्यांत निदान झाल्यास गर्भ विनाविलंब काढावा, याविषयी फारसा मतभेद नाही. उशिरा उघडकीस आलेल्या गर्भासाठी काही आठवडे थांबावयाचे झाले, तर ते रक्तपेढी व निष्णात शस्त्रवैद्य हाताशी असलेल्या रुग्णालयातच. घरी पाठविणे म्हणजे मातेचा जीव टांगणीला लावणे होय.

खरी कसोटी बाळ बाहेर आल्यावर लागते. गर्भाशयात वार सुटताच स्नायू आकसून उघड्या रक्तवाहिन्या आवळतात; आतड्याला अथवा वपेला ती शक्ती नाही, आणि म्हणून तेथील वार ओढून काढू पाहणाऱ्या हाताखाली रक्ताचा जो लोट उसळतो, तो थांबविणे अनेकदा अशक्य होते. जिचा रक्तपुरवठा नेमका ओळखून बांधता येतो ती वार काढावी; एरवी नाळ तिच्या मुळाशी बांधून कापावी आणि वार जागीच राहू द्यावी. हात आवरून घेणे हे येथे शस्त्रवैद्याचे मोठेच कौशल्य मानले पाहिजे. मागे राहिलेली वार मेथोट्रेक्सेटने लवकर विरघळवावी, असा विचार काहींनी केला. परंतु ऊतींचा एकाएकी नाश होऊन पू धरण्याचे भय असल्यामुळे तो इलाज सर्रास योजू नये. वार शोषली जाण्यास कित्येक महिने, प्रसंगी वर्षेही लागतात. तोवर ताप, पोटदुखी, आतड्यांचा अडथळा यांवर नजर ठेवून रक्तातील वारेच्या संप्रेरकाची उतरण मोजत राहावे लागते. घरी निघताना स्त्रीच्या हाती, पोटात वार शिल्लक असल्याचा स्पष्ट लेखी दाखला द्यावा, म्हणजे पुढे परगावच्या वैद्याला ती गाठ अर्बुद वाटून तो शस्त्र उचलणार नाही.