आकड्यांचं चिलखत

समजा, तुम्ही एक जादूगार आहात. लेव्हल ८०. पंचवीस जणांच्या टोळीनं मिळून एक धिप्पाड बॉस लोळवलाय आणि त्याच्याकडून दोन अंगरखे मिळालेत. एकावर लिहिलंय 'हिट', दुसऱ्यावर 'क्रिट'. दोन्ही जांभळ्या अक्षरांतले, दोन्ही झकास. पण तुमच्या वाट्याला येणार एकच. कुठला घ्याल?

"ज्यावरचा आकडा मोठा, तो!" असं तुमच्यापैकी निम्मे जण तरी म्हणतील. पण दोस्तांनो, जरा थांबा. खरी गंमत इथंच आहे. चला, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या दुनियेत शिरून आकडे तपासूया. हा ऑनलाइन खेळ ब्लिझार्ड कंपनीनं २००४ साली आणला. त्यात प्रत्येक वस्तूचं नाव रंगीत असतं. करडा म्हणजे टाकाऊ, पांढरा साधा, मग हिरवा, निळा, जांभळा आणि सगळ्यांत दुर्मीळ तो नारिंगी. रंग वस्तू किती दुर्मीळ आहे ते सांगतो. ती तुमच्या कामाची आहे की नाही, हे मात्र सांगत नाही!

आधी नेम, मग जोर

हिट म्हणजे नेम आणि क्रिट म्हणजे जोरदार फटका बसण्याची शक्यता. २००८ साली आलेल्या 'रॅथ ऑफ द लिच किंग' या भागात मोठे बॉस खेळाडूपेक्षा तीन लेव्हल वरचे धरले जात. त्यांच्यावर टाकलेले १०० पैकी १७ मंत्र वाया जायचे. हिटचे साधारण २६ गुण मिळवले, की त्यातला एक मंत्र वाचायचा. क्रिट मात्र महाग. १ टक्का वाढवायला जवळजवळ ४६ गुण लागत.

आता हिशेब करू. १००० मंत्र टाकले. साध्या मंत्राचा घाव १०० चा, क्रिट बसला तर १५० चा. आपल्या जादूगाराला ३० टक्के क्रिट आहे, म्हणजे लागलेल्या मंत्राचा सरासरी घाव ११५. विशेष कौशल्यं सध्या बाजूला ठेवू.

हिटचे २६ गुण घेतले तर आणखी १० मंत्र लागतील. फायदा ११५०. तेच २६ गुण क्रिटमध्ये घातले तर? लागणाऱ्या ८३० मंत्रांपैकी जेमतेम पाचएक मंत्र जास्त जोरात बसतील. फायदा २५० च्या आतच. म्हणजे हिट जवळजवळ पाचपट भारी!

मग काय, सगळं हिटच घ्यायचं? अजिबात नाही. ४४६ गुण झाले की १७ च्या १७ टक्के भरून निघतात. चुकायला एकही मंत्र उरत नाही. त्यानंतर ४४७ वा गुण घेतला काय आणि न घेतला काय, सारखंच. घागर भरल्यावर ओतलेलं पाणी जमिनीवरच सांडणार ना? या मर्यादेला खेळाडू 'कॅप' म्हणतात.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं: तुमचं हिट ४४६ च्या खाली असेल तर हिटचा अंगरखा, घागर भरली असेल तर क्रिटचा. उत्तर अंगरख्यात नसतं, तुमच्या अंगावर आधीच काय आहे त्यात असतं.

आणि हा नुसता एकट्याच्या घावांचा प्रश्न नव्हता, बरं का! बॉसचा घातक मंत्र मधेच तोडायला रोग नावाचा योद्धा लाथ मारायचा. नेम कमी असला तर १०० पैकी ८ लाथा हुकायच्या. ती एक लाथ हुकली, की चोवीस सोबत्यांची मेहनत पाण्यात. लढाई पुन्हा पहिल्यापासून!

पुढे २०१४ साली हे हिट प्रकरण खेळातून काढूनच टाकलं गेलं. पण घागरीचा नियम काही गेला नाही. २०२० सालच्या 'शॅडोलँड्स'पासून क्रिट आणि वेग यांसारखे गुण ३० टक्क्यांच्या वर गेले, की पुढचा फायदा टप्प्याटप्प्यानं घटू लागतो. अति तेथे माती, दुसरं काय!

ढालवाल्याचं गणित

आता ढाल घेऊन पुढे उभा राहणारा योद्धा, म्हणजेच टँक, बघू. मूळ खेळात लेव्हल ६० च्या शत्रूचा मार चिलखतानं किती कमी होतो, याचं सूत्र असं आहे: चिलखत भागिले (चिलखत + ५५००).

चिलखत ५५०० असलं तर ५० टक्के मार वाचतो. ते दुप्पट, म्हणजे ११,००० केलं तर १०० टक्के वाचेल? छे! फक्त ६७ टक्के. हे पाहून पुष्कळ जण म्हणतात, "पुढचं चिलखत फुकट गेलं."

पण नीट बघा. योद्ध्याचा जीव ५००० चा आहे. चिलखत नसेल तर ५००० चा मार खाऊन तो कोसळेल. ५५०० चिलखत असेल तर १०,००० चा मार सोसेल. आणि ११,००० असेल तर १५,००० चा! दर खेपेला बरोबर ५००० ची भर पडली. टक्के घटल्यासारखे दिसले, तरी सोसायची ताकद एकसारखी वाढत राहिली. टक्केवारी अशी डोळ्यांत धूळ फेकते. अर्थात इथंही कॅप आहेच. ७५ टक्क्यांच्या पुढे चिलखत काही करत नाही.

स्टॅमिनाचा एक गुण म्हणजे जीव १० नं जास्त. मग नुसता स्टॅमिनाच का वाढवू नये? कारण मागे उभा असलेला हीलर! चिलखत जाड असेल तर मारच कमी बसतो, म्हणून हीलरचा मंत्रसाठा पुरतो. नुसता जीव मोठा असेल, तर तेवढंच मोठं भगदाड त्या बिचाऱ्याला बुजवत बसावं लागतं.

लढाई कुणाशी?

एवढं सगळं जमवून तुम्ही 'मोल्टन कोर'मध्ये रॅग्नारॉससमोर गेलात, तर? तो आगीचा स्वामी. चिलखत तलवारीचा मार अडवतं, आग नाही. म्हणून तिथं जाण्याआधी खेळाडू आग सोसण्याचा गुण असलेले वेगळे कपडे जमवून ठेवत. एरवी ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं, असे कपडे! पावसाळ्यात रेशमी सदऱ्यापेक्षा रेनकोट बरा, तसंच हे.

हा सगळा हिशेब करायला खेळाडूंनी 'सिम्युलेशनक्राफ्ट' नावाचा प्रोग्रॅमही बनवला. तो एकच लढाई हजारो वेळा लढून पाहतो आणि कुठला गुण किती मोलाचा ते सांगतो. पण ते उत्तर तुमच्या आजच्या कपड्यांपुरतंच. एक अंगठी बदलली तरी मोल बदलू शकतं. म्हणून दुसऱ्याची यादी उतरवून काढणं म्हणजे मित्राच्या चष्म्यातून फळा वाचणं.

करून पाहा

कागद-पेन्सिल घ्या. तुमच्याकडे २० गुण आहेत. ते 'फटक्याचा जोर' आणि 'फटक्यांची संख्या' या दोन रकान्यांत वाटा आणि दोन्हींचा गुणाकार करा. २० आणि ० घेतलेत तर उत्तर शून्य! १५ आणि ५ चे ७५. १० आणि १० चे १००. आता समजा, तलवारीमुळे जोराचे ४ गुण आधीच मिळालेत. मग २० कसे वाटाल? पुन्हा दहा-दहा नको. जोराला ८ आणि संख्येला १२ द्या. दोन्हीकडे १२ होतील, गुणाकार १४४. दहा-दहा वाटले असते तर १४० च झाले असते. जिथं कमी, तिथं भर!

आणखी एक गोष्ट. २००७ च्या जानेवारीत 'द बर्निंग क्रुसेड' हा पुढचा भाग आला. चाळीस-चाळीस जणांनी महिनोन् महिने खपून मिळवलेली कितीतरी जांभळी चिलखतं तिथल्या साध्यासुध्या कामगिरीवर मिळणाऱ्या हिरव्या कपड्यांनी मागे टाकली. ज्यांनी नुसती दुसऱ्याची यादी पाठ केली होती, त्यांना नवी यादी येईपर्यंत वाट पाहावी लागली. ज्यांना गणित कळलं होतं, ते पेन्सिल घेऊन बसले आणि पहिल्या दिवसापासून आपले आपण निवडू लागले.

तेव्हा एखाद्या चमकदार वस्तूसाठी रात्र जागवण्याआधी किंवा घरच्यांकडे पैसे मागण्याआधी तीन प्रश्न विचारा: माझं काम कोणतं? माझ्याकडे आधीच काय आहे? आणि समोर कोण आहे? उत्तरं मिळाली की मग खुशाल निवडा. रंग कुठला का असेना!